साखरेच्या दोन वाटा

जुलाब लागले की घरोघर मीठ-साखरेचं पाणी देतात. मीठ का, हे कुणीही सांगेल. साखर मात्र ताकदीसाठी किंवा चवीसाठी असते, अशी बहुतेकांची समजूत. खरं तर ती आतड्यातल्या एका प्रथिनाची गरज असते.

पेशीचं पटल स्निग्ध असल्यामुळे पाण्यात विरघळलेलं ग्लुकोज किंवा सोडियम त्यातून आपसूक जात नाही. त्यांची ने-आण पटलात रोवलेली वाहक प्रथिनं करतात. लहान आतड्यातल्या अशा एका वाहकाचं नाव एसजीएलटी-१. जोडप्यानंच बसायच्या पूजेसारखा त्याचा नियम आहे: ग्लुकोजचा एक रेणू आत यायचा, तर सोबत सोडियमचे दोन आयन हवेत. त्यांच्या मागोमाग पाणी शोषलं जातं. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडली.

त्याच्या आदल्याच वर्षी कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याचं विष दाखवून दिलं होतं. हे विष आतड्याच्या पेशींतली सीएफटीआर नावाची वाट सताड उघडी ठेवतं. क्लोराइड बाहेर धावतं, त्यापाठोपाठ सोडियम आणि पाणी. पण एवढ्या पुरातही एसजीएलटी-१ शाबूत असतो. जलसंजीवनीचं, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याचं, सगळं मर्म या एका गोष्टीत आहे.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. बनगावच्या रुग्णालयात शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं द्रावण पिंपांतून वाटायला लावलं. पाजायचं काम नातेवाइकांनीच केलं. आधी ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. तरीही ‘डॉक्टर, सलाईन लावा’ हा आग्रह आजही सुटत नाही. पेल्यातल्या औषधाला आपण औषध मानत नाही, हेच खरं.

याच प्रथिनाचं भावंड, एसजीएलटी-२, मूत्रपिंडात बसतं. तिथे रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि त्यातलं नव्वद टक्के हे भावंड रक्तात परत आणतं. मधुमेहात हीच काटकसर नडते. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून मिळालेलं फ्लोरिझिन दिलं की कुत्र्यांच्या लघवीत साखर उतरते, हे फॉन मेरिंग यांनी १८८६ साली नोंदवलं. पण ते एसजीएलटी-२सोबत आतड्यातल्या एसजीएलटी-१लाही अडवतं, म्हणून औषध म्हणून निरुपयोगी ठरलं. ज्यांचा एसजीएलटी-२ जन्मतःच निकामी असतो, त्यांच्या लघवीत आयुष्यभर साखर जाते, तरी ती माणसं बहुधा ठणठणीत असतात. म्हणजे हा एकच वाहक अडवायला हरकत नव्हती. त्यातून डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आल्या. २०१९च्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही डापाग्लिफ्लोझिनच्या गोळीचा फायदा दिसला. २०२०मध्ये भारतातलं तिचं पेटंट संपलं आणि ती स्वस्त झाली.

अर्थात साखरेसोबत लघवीवाटे सोडियम आणि पाणीही जातं. म्हणून ही गोळी घेणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले, की शरीर कोरडं पडण्याचा आणि रक्तात किटोन साचण्याचा धोका वाढतो. गंमत म्हणजे अशा वेळी रक्तातली साखर फारशी वाढलेली नसते, त्यामुळे संशय उशिरा येतो. तेवढे दिवस डॉक्टर गोळी थांबवायला सांगतात आणि जलसंजीवनी पाजतात, साखरेसकट.