गेरूची पट्टी काय सांगते?

कंधारहून बालाघाटाच्या डोंगरांकडे निघाले की रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांच्या उघड्या कडा दिसतात. पावसाळा संपला, की अशा एखाद्या कडेपुढे मी विद्यार्थ्यांना उभे करतो. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, मग काळा फत्तर, मध्येच हातभर जाडीची विटकरी पट्टी आणि तिच्याखाली पुन्हा दगड. नदीने गाळ टाकत जावा तसे हे थर एकावर एक बसलेले असतात. "सर, हाच ना तो गाळाचा खडक?" हा प्रश्न ठरलेला! पण यातला जवळजवळ सगळा दगड गाळाचा नव्हे, तर थंड झालेल्या लाव्हारसाचा आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून हा रस बाहेर आला आणि पाण्यासारखा पसरला. तो थिजला, काही काळ गेला, मग दुसरा लोट आला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. थर वाचण्याचा नियम मात्र गाळाचाच लागू पडतो. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. स्टेनो नावाच्या विद्वानाने १६६९ साली हे मांडले. आपल्या घरची आजी धान्याच्या कणगीकडे पाहून हेच सांगेल.

आता ती विटकरी पट्टी पाहू. आपण तिला गेरू म्हणतो. दोन लोटांमध्ये जो खंड पडला, त्या काळात खालच्या दगडाचा माथा ऊन-पावसाने झिजला आणि त्याची माती झाली. काही ठिकाणी तिच्यात ज्वालामुखीची राखही मिसळली. नंतर वरून तापलेला रस आला आणि ही माती त्याच्याखाली दबली. म्हणजे काळा फत्तर हा घटनेचा थर, तर गेरू हा विसाव्याचा थर. मला विचाराल तर अख्ख्या कडेत वाचण्यासारखा मजकूर याच पट्टीत असतो.

अशाच खंडाच्या काळात कुठे कुठे तळी साचली आणि त्यांच्या तळाशी खराखुरा गाळ बसला. नागपूरजवळ टाकळी येथे अशा गाळात स्टीफन हिस्लॉप यांना एकोणिसाव्या शतकात शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष मिळाले. आपल्या शेजारचा दाखला किल्लारीचा आहे. १९९३ च्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. ३३८ मीटरपर्यंत लाव्हाचे थर लागले, त्याखाली सुमारे ८ मीटर गाळ आणि मग अतिप्राचीन पाया. लाव्हारस येण्याआधीची भूमी तिथे पुरलेली आहे. इकडे देगलूर-बिलोलीकडे गेलात तर तसा जुना पाया ग्रॅनाइटच्या रूपाने उघड्यावरच दिसतो.

गाळ ओळखायचा कसा? दगडाचा तुकडा हातात घ्या. वेगवेगळे कण एकमेकांना चिकटलेले दिसले, वहीच्या पानांसारखे पातळ पदर सुटले, तर गाळाची शंका घ्यावी. बारीक पोकळ्या आणि त्यांत पांढरे खडे भरलेले दिसले, तर तो आपला मांजऱ्या खडक, म्हणजे लाव्हारसच. आणि खरा गाळ रचला कसा जातो हे पाहायचे असेल तर मन्याड नदीची ढासळलेली दरड बघावी. गोटे, वाळू, चिकणमाती असे थर तिथे सापडतील. पूर जोराचा असेल तर गोटे, संथ असेल तर माती, असा तो हिशेब आहे.

हे सगळे शेतकऱ्याच्या खिशाशी येऊन भिडते. अखंड काळ्या फत्तरात पाणी शिरायला वाट नसते. ते मुरमात आणि फत्तराच्या भेगांत साठते. गेरू चिकट, भिजला की फुगतो, पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर उघड्या कडेवर ओलीची रेघ पुष्कळदा गेरूच्या जरा वर दिसते. बोअरमध्ये हाच गेरू ढासळतो आणि तेवढ्या भागात केसिंग टाकावे लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत आणि त्यानंतरही गावोगाव बोअर घेतले गेले, पण किती फुटांवर कोणता थर लागला, हे फारच थोड्यांनी लिहून ठेवले.

बोअर घेताना दर दहा फुटांना बाहेर येणारी भुकटी मूठभर वेगळी काढावी. कागदाच्या पुडीत बांधून वर खोली लिहावी. काळी भुकटी, तांबडी भुकटी, पांढरे खडे असलेली भुकटी, सगळे ओळीने मांडले की आपल्या शेताखालची कड तयार होते. शेजाऱ्याला विहीर खोदायची असेल तर त्याला त्या पुड्या दाखवा. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात गेलात तर बरोबर न्या. तिथल्या माणसाला तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा त्या पुड्यांवरून पुष्कळ अधिक सांगता येईल.