रॉकेट फुटले, कुपी वाचली

उड्डाणात रॉकेट बिघडले, तर अंतराळवीरांची कुपी काही क्षणांत त्यापासून दूर ओढून न्यावी लागते. अनेक यानांत हे काम कुपीच्या माथ्यावरचा सुटका-मनोरा करतो. अमेरिकेच्या मर्क्युरी प्रकल्पातील ‘लिटल जो-१’ या पहिल्या चाचणीच्या वेळी (२१ ऑगस्ट १९५९, वॉलॉप्स बेट, व्हर्जिनिया) प्रक्षेपणाला सुमारे अर्धा तास असतानाच मनोऱ्याचे रॉकेट पेटले. कुपी उडाली आणि समुद्रात आदळली. मूळ रॉकेट जागेवरच राहिले.

सर्वांत बोलकी चाचणी मात्र अपोलोची. १९ मे १९६५ रोजी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सवरून उडालेले ‘लिटल जो-२’ स्वतःभोवती गरगरत गेले आणि नियोजित उंचीच्या खूप खालीच फुटले. तुटलेल्या तारांनी धोक्याचा इशारा दिला, मनोऱ्याने रिकामी कुपी खेचून बाजूला नेली आणि ती पॅराशूटने सुखरूप उतरली. खोट्या संकटाच्या तयारीत खरे संकट आले आणि यंत्रणा त्याला पुरून उरली! इतकी अस्सल परीक्षा कोणी ठरवून घेऊ शकले नसते.

भारताच्या गगनयानातील सुटका-यंत्रणेची पहिली उड्डाण-चाचणी, टीव्ही-डी१, २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून झाली. कुपी बंगालच्या उपसागरात उतरली. नौदलाने ती बाहेर काढली.