डोमकळी ओळखणारी नजर

सोयगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला अजिंठ्याची लेणी आठवतात. ती याच तालुक्यात आहेत. पण तालुक्यातल्या माणसाला विचाराल, तर तो आधी कपाशीबद्दल बोलेल. आणि कपाशीचा विषय निघाला की गुलाबी बोंडअळी आलीच. ही अळी मोठी लबाड. पानावर बसून ती पाने कुरतडत नाही. कळीत, बोंडात शिरते आणि आतल्या आत खात राहते. बाहेरून सारे आलबेल! मग जाणता शेतकरी तिला ओळखतो कसा? फुलावरून. आत अळी असलेले फूल उमलत नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून ते अर्धवट मिटलेलेच राहते. त्याला डोमकळी म्हणतात. डोमकळी दिसली की तोडायची आणि अळीसकट नष्ट करायची. सारा खेळ नजरेचा.

आज ही डोमकळी आठवली ती कॅन्सरच्या निमित्ताने. घरात कोणाला कॅन्सर झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘असे कसे झाले? प्रतिकारशक्ती कमी पडली का?’ मग आहारात काय चुकले याची उजळणी होते, बायका स्वतःला दोष देतात, कोणी तरी ‘शक्ती वाढवणारी’ पूड आणून देतो. खरे तर शरीराची ताकद बहुधा कमी पडलेली नसते. चुकलेली असते ती ओळख.

हे समजायचे तर आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशींकडे पाहायला हवे. त्यांतल्या काही अस्सल शिकारी आहेत. त्यांना मारक टी पेशी म्हणतात. आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर आणून मांडते. बाजारात धान्याचा नमुना पोत्याबाहेर काढून दाखवावा, तसे. टी पेशी हे नमुने चाचपत हिंडते. नमुना ओळखीचा, घरचा असेल तर ती पुढे जाते. विषाणूचा किंवा बिघडलेल्या प्रथिनाचा असेल, तर तिथेच थबकते. डोमकळी सापडली!

पुढचे काम विलक्षण नेटके आहे. टी पेशी त्या बिघडलेल्या पेशीला घट्ट बिलगते. आपल्या पोटातल्या विषारी पुड्या संपर्काच्या त्या एका जागेकडे सरकवते आणि दोघींच्या मधल्या चिंचोळ्या फटीत रित्या करते. पुडीत मुख्यतः दोन प्रथिने असतात. पहिले परफोरिन. नावाप्रमाणे ते समोरच्या पेशीच्या भिंतीला भोके पाडते. दुसरे ग्रॅन्झाइम. त्या वाटेने आत शिरून ते पेशीला आत्मनाशाची आज्ञा देते. ही आज्ञा अमलात आणणारी यंत्रणा प्रत्येक पेशीत मुळातच असते. पेशी आक्रसते, तिच्या आतल्या गुणसूत्रांचे तुकडे पडतात आणि ती शांतपणे विरते. शेजारच्या निरोगी पेशीला सहसा धक्का लागत नाही. शिकारी पेशी मात्र सहीसलामत सुटून पुढच्या सावजाकडे निघते. एकच टी पेशी अशा अनेक पेशी मारू शकते.

तुम्ही म्हणाल, कॅन्सरची पेशी हुशारीने नमुना दाखवणेच बंद करील तर? ती तेही करते. त्यासाठी शरीराने दुसरे पथक ठेवले आहे. १९७५ साली स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी वर्णन केलेल्या या पेशींना नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. जिच्या दारावर घरचा नमुनाच नाही, अशा पेशीचा त्यांना संशय येतो.

एवढा बंदोबस्त असताना कॅन्सर वाढतोच कसा? कारण तो परका नाही. तो आपल्याच पेशीचा बिघडलेला वंशज आहे. टी पेशींचे शिक्षण छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत होते. तिथे शंभरातल्या नव्वदाहून अधिक उमेदवार बाद होतात. त्यांतल्या अनेकांचा दोष एकच, घरच्यांवरच हात उगारण्याची खोड. ही कडक शिस्त नसती तर आपल्याच पेशींनी आपल्याला खाल्ले असते. कॅन्सर याच शिस्तीचा फायदा घेतो. शिवाय टी पेशींना आवरणारे ‘ब्रेक’ही असतात, अर्बुद ते दाबून धरते. हे ब्रेक सोडवण्याची वाट दाखवणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी वाट म्हणजे टी पेशीला नवी नजरच बसवून देणे. हे काम आपल्या मुंबईतही झाले. पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलमध्ये डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह कार-टी उपचार देशात घडवला. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी काढायच्या. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांत एक नवे जनुक पोचवायचे. मग त्यांच्या अंगावर सीडी-१९ हे प्रथिन ओळखणारा ‘डोळा’ उगवतो. बी पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन पेशीवर असते. अशा लाखो-कोटी पेशी वाढवून रुग्णाला परत द्यायच्या. मारण्याची रीत तीच जुनी, परफोरिन आणि ग्रॅन्झाइमची. नवी आहे ती फक्त नजर.

जून २०२१ मध्ये खारघरच्या टाटा केंद्रात पहिल्या रुग्णाला हा उपचार दिला गेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. इतर उपाय थकलेल्या रुग्णांवरील चाचणीत सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला. परदेशात जो उपचार कोटींत जातो, तो इथे त्याच्या सुमारे दशांशात आला.

पण हुरळून जाऊ नये. दशांश झाला तरी आकडा लाखांतच आहे. सोयगावहून पाचोऱ्याला किंवा जळगावला येऊन मुंबईची गाडी धरणाऱ्या कुटुंबाला तो लहान नाही. उपचारात तीव्र तापासारखे जिवावरचे धोके असतात. सीडी-१९ निरोगी बी पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मरतात. आणि मुख्य म्हणजे हा उपचार ठरावीक रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. गाठीच्या कॅन्सरमध्ये शिकारी पेशींना आत शिरणेच जड जाते, आणि फक्त गाठीवरच असेल अशी खूणही सहज सापडत नाही.

आपल्या गावांतला ओळखीचा शत्रू तर तोंडाचा कॅन्सर, तंबाखू-गुटख्याच्या वाटेने येणारा. त्यावरही महाराष्ट्रात मोलाचे काम झाले आहे. डॉ. शुभदा चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले, की गॅमा-डेल्टा नावाच्या टी पेशी तोंडाच्या कॅन्सरपेशींवरचे एक विशिष्ट प्रथिन ओळखतात. म्हणजे तिथेही नजर आहे. तिचे हमखास औषध व्हायचे मात्र अजून बाकी आहे.

तोवर एक नजर आपल्याजवळ आहे, आपली स्वतःची. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, हळूहळू कमी उघडणारे तोंड, ही आपल्या घरातली डोमकळी. आरसा आणि उजेड एवढ्यावर ती दिसते. दिसली की पूड शोधत बसू नये. गावच्या डॉक्टरांना दाखवावे, गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठावे. आणि तंबाखूची पुडी आजच बाजूला ठेवावी.

डोमकळी वेळेवर तोडली तर बाकीचे शेत वाचते. हे सोयगावच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.