मधुमेह, किडनी आणि हाताची शीर : डायलिसिससाठी रक्ताचा रस्ता कसा निवडायचा?

डायलिसिस लागणार असं कळलं, की घरचे विचारतात, "कुठं करायचं? खर्च किती?" प्रश्न योग्यच आहेत. पण त्याआधी आणखी एक प्रश्न असतो, आणि तो बहुतेक घरांत उशिरा विचारला जातो : शरीरातलं रक्त मशीनकडे न्यायचं आणि परत आणायचं कुठून?

मशीनला मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त लागतं. सलाईन लावतो त्या साध्या शिरेतून एवढं रक्त येत नाही. म्हणून वेगळा रस्ता करावा लागतो. असे रस्ते तीन.

पहिला, फिस्टुला. छोट्या शस्त्रक्रियेनं हाताची धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. धमनीच्या दाबानं शीर फुगते, जाड होते आणि मग तिच्यात पुन्हा पुन्हा सुया टोचता येतात. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. बाहेरची वस्तू नसल्यानं जंतुसंसर्ग कमी होतो आणि चांगला फिस्टुला वर्षानुवर्षं चालतो. पण तो तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात.

दुसरा, ग्राफ्ट. कातडीखाली बसवलेली कृत्रिम नळी. दोन-तीन आठवड्यांत वापरता येते, पण गुठळी आणि संसर्गाचा त्रास फिस्टुलापेक्षा जास्त.

तिसरा, कॅथेटर. बहुधा मानेच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी. लगेच वापरता येते, हाच तिचा मोठा गुण. पण नळीचं एक टोक बाहेर आणि दुसरं हृदयाजवळ, त्यामुळे जंतूंना थेट रक्तात वाट मिळते. साखर वाढलेली असेल तर हा धोका आणखी वाढतो.

मग सगळ्यांनी फिस्टुलाच करावा का? मधुमेहात इथंच विचार करावा लागतो. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात मनगटाजवळच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं. ती कडक, अरुंद होते आणि तिथला फिस्टुला नीट तयार होत नाही. म्हणून आधी हाताची डॉपलर सोनोग्राफी करायची. मनगट जमत नसेल तर कोपराजवळ फिस्टुला करतात. तिथं रक्त भरपूर मिळतं, पण बोटांकडे जाणारं रक्त कमी पडू शकतं. बोटं गार पडली, दुखली, काळी-निळी दिसली तर लगेच दाखवायचं. मधुमेहात बोटं आधीच बधिर असतात, दुखणं कळत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं.

शिरा चांगल्या नसतील तर ग्राफ्ट. वय फार झालंय, हृदय कमजोर आहे, तर कातडीखालून नेलेलं दीर्घकाळाचं कॅथेटर किंवा पोटाचं डायलिसिस योग्य ठरू शकतं. अमेरिकेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : सगळ्यांना एकच नियम लावू नका, त्या माणसाच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा बघा.

आपल्या कबनूर-इचलकरंजी पट्ट्यात त्या आराखड्यात यंत्रमागही येतो. फिस्टुला शक्यतो कमी वापरातल्या हातावर करतात. त्या हातानं जड बीम उचलणं टाळावं लागतं. त्यामुळे कामाचा हात कोणता आणि काम काय, हे सर्जनला आधीच सांगा.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. अशक्तपणा वाटला की आपण म्हणतो, "डॉक्टर, एक सलाईन लावा." किडनीच्या रुग्णाला तेवढं पाणी त्रासदायक ठरू शकतंच, शिवाय दर सुईनं हाताची शीर खराब होत जाते. उद्या फिस्टुला करायची वेळ येते तेव्हा शीरच उरलेली नसते. म्हणून किडनी खराब होतेय असं कळल्या दिवसापासून एक हात राखून ठेवा. त्या हातावर सलाईन नको, रक्त काढणं नको. गरज पडली तर सुई तळहाताच्या मागच्या बाजूच्या शिरेत लावायला सांगा. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर बीपीही मोजू नका.

किडनीचं काम १५ ते २० टक्क्यांवर येऊन घसरत असेल, तर डायलिसिसची वाट न बघता रस्त्याची चर्चा सुरू करा. धाप लागून रात्री दवाखान्यात नेलं, तर निवड उरत नाही, मानेत नळीच पडते. फिस्टुला झाला की रोज सकाळी त्यावर बोटं ठेवा. थरथर लागली तर तो चालू आहे. थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर टाकू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.