विश्लेषण : हवाई बेटांवर नोकरी मिळाली, पण घरातल्या पिस्तुलाचे काय?

होनोलुलूतील रुग्णालयात किंवा पर्ल हार्बरच्या गोदीत चांगल्या पगाराची नोकरी, बारमाही उबदार हवा आणि समोर समुद्र. टेक्साससारख्या राज्यातील अमेरिकी माणसाला असा प्रस्ताव आला, की घरभाडे, मुलांची शाळा आणि सामान हलवण्याचा खर्च यांचा हिशेब लगेच सुरू होतो. घरात बंदूक असेल, तर आणखी एक हिशेब करावा लागतो. कारण टेक्सासमध्ये कायदेशीर असलेली वस्तू हवाईत उतरताच गुन्हा ठरू शकते.

एकाच देशात एवढा फरक कसा?

शस्त्र बाळगण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिला आहे. पण बरेचसे निर्बंध राज्ये ठरवतात. टेक्सासमध्ये बंदुकीची नोंदणी नाही, मॅगझिनच्या क्षमतेवर मर्यादा नाही. २०२१ पासून तिथे पात्र व्यक्तीला परवान्याविना पिस्तूल घेऊन फिरता येते. हवाईत मात्र नवी बंदूक घेण्याआधी पोलिसांचा परवाना लागतो आणि बाहेरून आणलेल्या बंदुकीचीही नोंदणी सक्तीची आहे. बंदुकीमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत कमी असलेल्या राज्यांत हवाईची गणना होते.

पोहोचल्यावर पहिले काम कोणते?

स्थानिक पोलिसांकडे नोंदणी. मालक आणि बंदूक यांपैकी जे नंतर पोहोचेल, तेव्हापासून ५ दिवसांची मुदत असते. म्हणजे सामान जहाजाने मागून येणार असेल, तर ते पोहोचल्यावर मुदत सुरू होते. बाहेरून आणलेल्या बंदुकीच्या नोंदणीला शुल्क लागू शकते. शिवाय पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्याला बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते.

खरी अडचण कुठे?

मॅगझिनमध्ये. पिस्तुलात वापरता येईल असे १० पेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन हवाईत चालत नाही. ग्लॉक १७ या लोकप्रिय पिस्तुलाचे नेहमीचे मॅगझिनच १७ गोळ्यांचे असते. असे मॅगझिन नुसते जवळ असणे हा किरकोळ स्वरूपाचा गुन्हा आहे. तेच पिस्तुलात बसवलेले सापडले, तर तो गंभीर गुन्हा ठरतो आणि ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचा बंदूक बाळगण्याचा हक्कही केंद्रीय कायद्यानुसार जातो. सायलेन्सरवर तर राज्यात बंदीच आहे. खोक्याच्या तळाशी विसरलेली एक वस्तूही महागात पडू शकते.

विमानाने नेता येते का?

येते. बंदूक रिकामी करून, कुलूपबंद कडक पेटीत ठेवून, काउंटरवर सांगून फक्त चेक-इन सामानात द्यावी लागते. राज्या-राज्यांतून बंदूक नेणाऱ्याला १९८६ च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे; पण जिथे पोहोचायचे तिथे ती कायदेशीर असेल तरच. बेकायदा मॅगझिनला हे संरक्षण कामाचे नाही.

सोबत बाळगून फिरता येईल का?

इतर राज्यांचा परवाना हवाई मानत नाही. स्वतंत्र परवाना नसेल, तर बंदूक रिकामी आणि बंद पेटीत ठेवून नेमबाजीचे मैदान, दुरुस्तीचे दुकान किंवा पोलीस ठाणे अशा ठरावीक ठिकाणीच नेता येते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर हे परवाने मिळणे सोपे झाले. त्यावर २०२३ मध्ये राज्याने समुद्रकिनारे, उद्याने, मद्यालये अशा ठिकाणी बंदी घातली. त्या कायद्याचा वादही सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.

मग पर्याय काय?

तीन. नियमांत बसणारी बंदूक १० गोळ्यांच्या मॅगझिनसह नेणे, परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकणे किंवा साठवणुकीची सोय असलेल्या परवानाधारक दुकानात ती ठेवणे. बेकायदा सुटे भाग मात्र निघण्यापूर्वीच बाजूला काढावे लागतात.

अमेरिकेतील मराठी मंडळींसाठी एक मुद्दा त्याही आधीचा आहे. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगताच येत नाही, मग राज्य कोणतेही असो. ग्रीन कार्डधारकांना ही केंद्रीय बंदी लागू नाही.

नियम न्यायालयीन निकालांनुसार बदलत आहेत. त्यामुळे नोकरीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी, ज्या बेटावर जायचे तिथल्या पोलीस विभागाला फोन करून प्रत्येक बंदूक आणि प्रत्येक मॅगझिनबद्दल विचारलेले बरे.