हातात मोबाईल आला, डिजिटल साक्षरता आली का?

आपल्या वस्त्यांमधील बहुतेक महाविद्यालयीन मुला-मुलींकडे आज मोबाईल आहे. रील बनवणे, यूपीआयने पैसे पाठवणे त्यांना सहज जमते. म्हणून ‘आजची पिढी डिजिटल आहे’ असे आपण सर्रास म्हणतो. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची वेळ आली की हाच विद्यार्थी सायबर कॅफेच्या रांगेत दिसतो. महाडीबीटीचे लॉगिन कॅफेवाल्याने तयार केलेले, पासवर्ड त्याच्या वहीत, कधी कधी नोंदवलेला मोबाईल नंबरही त्याचाच. महाविद्यालयाने त्रुटी काढून अर्ज परत पाठवला, तर विद्यार्थ्याला पत्ताच नसतो. मुदत निघून जाते आणि पुढच्या वर्षीच्या फीचा प्रश्न घरात उभा राहतो.

यंत्र हाताळता येणे वेगळे आणि डिजिटल साक्षर असणे वेगळे. ब्रिटनमधील महाविद्यालये व विद्यापीठांना तंत्रज्ञानाबाबत मदत करणाऱ्या जिस्क या संस्थेने २०११ ते २०१३ दरम्यान याच विषयावर कार्यक्रम राबवला. डिजिटल समाजात जगण्यासाठी, शिकण्यासाठी आणि काम करण्यासाठी लागणाऱ्या क्षमता म्हणजे डिजिटल साक्षरता, अशी त्यांची मांडणी होती. ती आपल्यालाही लागू पडते.

फरक असा की आपल्याकडे साधनांपासूनच विषमता सुरू होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार देशातील ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के आणि शहरी भागात २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. त्यानंतर मोबाईल वाढले, पण प्रबंध लिहिणे, तक्ता तयार करणे, दोन संदर्भ शेजारी ठेवून वाचणे ही कामे सहा इंची पडद्यावर नीट शिकता येत नाहीत. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा हाच पर्याय उरतो. ती तासापुरती उघडून कुलूपबंद होत असेल, तर नुकसान याच विद्यार्थ्याचे होते.

मग विद्यार्थ्याला नेमके काय यायला हवे? आमच्या मते चार गोष्टी.

पहिली, स्वतःची कागदपत्रे स्वतःच्या ताब्यात. डिजिलॉकर उघडणे, श्रेयांक बँकेचा क्रमांक काढणे, बँक खाते आधारशी जोडले आहे का ते पाहणे, अर्जाची स्थिती दर आठवड्याला तपासणे.

दुसरी, ज्ञानाचे साठे शोधता येणे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरातील पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात. ज्या महाविद्यालयांनी ‘एन-लिस्ट’चे सदस्यत्व घेतले आहे, तेथील विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिके व ई-पुस्तके मिळतात, फक्त ग्रंथपालांकडून लॉगिन मागावे लागते. ‘स्वयम्’वर अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मात्र शुल्क असते.

तिसरी, पारखून घेणे. बाबासाहेबांच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणारी कितीतरी वाक्ये त्यांच्या लेखनात सापडत नाहीत. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले त्यांच्या लेखन व भाषणांचे खंड इंटरनेटवर पीडीएफ स्वरूपात आहेत. वाक्य पुढे पाठवण्याआधी कोणत्या खंडात, कोणत्या पानावर आहे ते पाहावे. हीच कसोटी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरांनाही लावावी. ही साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे संदर्भ अगदी ठामपणे देतात.

चौथी, सुरक्षितता. शिष्यवृत्तीच्या नावाने आलेली अनोळखी लिंक उघडू नये, ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. उशीर झाला की पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

हे सगळे ‘संगणक’ नावाच्या एका पेपरने येत नाही. ते प्रत्येक विषयाच्या अभ्यासात मिसळावे लागते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच वस्तीतील पन्नास घरांचे पाणी, शिक्षण, रोजगार याविषयी मोबाईलवरील प्रश्नावलीने सर्वेक्षण करावे, माहिती स्प्रेडशीटमध्ये भरावी आणि २०११ च्या जनगणनेतील आकड्यांशी ताडून पाहावी. एका प्रकल्पात तंत्रही येते, विषयही कळतो आणि वस्तीच्या मागणीला आधार मिळतो. अशा आकड्यांसह दिलेले निवेदन नगरपालिकेला सहज बाजूला सारता येत नाही.

कार्यकर्त्यांनी एक सवय बदलायला हवी. विद्यार्थ्याचा अर्ज आपण भरून देतो, तेव्हा त्याचे त्या वर्षीचे काम होते, पण पुढच्या वर्षी तो पुन्हा आपल्याच दारात येतो. माऊस त्याच्या हातात द्या आणि शेजारी बसा. अर्धा तास जास्त लागेल, पण पुढच्या वर्षी तोच आणखी दोघांना शिकवेल. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा; अनेक घरांत मोबाईल एकच असतो आणि तो भावाच्या किंवा वडिलांच्या खिशात असतो.

विहारात किंवा समाजमंदिरात आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन जुने लॅपटॉप आणि एक वायफाय जोडणी एवढ्यावर ही सुरुवात होऊ शकते. त्याच्या जोडीला प्राचार्यांकडे तीन मागण्या लेखी द्या: संगणक प्रयोगशाळा तासांनंतरही खुली ठेवावी, एन-लिस्टचे लॉगिन प्रत्येक विद्यार्थ्याला मिळावे आणि समान संधी केंद्रात शिष्यवृत्ती अर्जांसाठी मदत कक्ष असावा. निवेदनाची पोच घ्यायला विसरू नका.