विक्रमी वेगाचे अभियांत्रिकी उपक्रम आणि नेतृत्वाची जबाबदारी

प्रस्तावना : वेगाचा विक्रम करू पाहणाऱ्या उपक्रमात नेतृत्वाची कसोटी वेग गाठण्यात असते, तितकीच वेळप्रसंगी काम थांबविण्याची व्यवस्था उभारण्यात असते. प्रस्तुत लेखात हा मुद्दा विदर्भातील एका उदाहरणाच्या आधारे मांडला आहे.

अमरावती-अकोला महामार्ग : राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ वर ३ ते ७ जून २०२२ या काळात राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीने ७५ कि.मी. लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यापूर्वीचा विक्रम कतारमधील २५.२७५ कि.मी.चा होता. या कामावर ७२० जण राबले आणि ३६,६३४ टन मिश्रण लागले. म्हणजे ताशी सुमारे ३४७ टन. हा वेग रस्त्यावर दिसला, तरी खडी, डांबर, यंत्रे व पाळ्या यांच्या पूर्वनियोजनातच तो निश्चित झालेला असतो.

जोखमीचे स्वरूप : डांबरमिश्रण गरम असतानाच त्याची दबाई व्हावी लागते. ते थंड झाल्यास थरात पोकळ्या राहतात, त्यांत पाणी मुरते व खड्डे पडतात. घड्याळाशी स्पर्धा चालू असताना थंड झालेला एखादा ट्रक परत पाठविणे अवघड असते. नेमका तोच अधिकार गुणवत्ता तपासणाऱ्याकडे अबाधित राहिला पाहिजे.

तुलना : ब्रिटनचे डोनाल्ड कॅम्पबेल हे स्वतःच उपक्रमाचे नेते व चालकही होते. ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन सरोवरात पहिल्या धावेच्या लाटा शमण्यापूर्वीच त्यांनी परतीची धाव सुरू केली आणि ते मृत्युमुखी पडले. याउलट रिचर्ड नोबल यांनी १९८३ मध्ये स्वतः ताशी १,०१९ कि.मी.चा भूवेग-विक्रम केला असूनही, पुढील उपक्रमात चालकाची जागा वैमानिक अँडी ग्रीन यांना दिली. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी ग्रीन यांनी ताशी सुमारे १,२२८ कि.मी. वेग गाठून जमिनीवर ध्वनीचा वेग ओलांडला.

निष्कर्ष : भूवेगाच्या विक्रमासाठी तासाभरात उलट दिशेनेही धाव घ्यावी लागते. रस्त्याची अशी परतीची धाव म्हणजे पुढील पावसाळे आणि जड वाहतूक. सिमेंट व कोळशाच्या ट्रकांखालील रस्ते रोज पाहणाऱ्या गडचांदूर परिसरास हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच विक्रमाची इच्छा आणि थांबविण्याचा अधिकार एकाच व्यक्तीच्या हाती नसावा, ही व्यवस्था नेत्याने काम सुरू होण्यापूर्वीच करणे अगत्याचे ठरते.